सी ड्राइव्ह लाल झालाय? काही उडवण्याआधी जागा कुठे गेली ते शोधा

मार्चअखेर जवळ आली की सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांपर्यंत एकच तक्रार कानावर येते. टॅली उघडायला वेळ लागतो, एक्सेलची फाइल सेव्ह होत नाही आणि ‘दिस पीसी’ उघडलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. मग घाईघाईत डेस्कटॉपवर जे दिसेल ते उडवलं जातं: जुने फोटो, गेल्या वर्षीची बिलं, मुलाच्या प्रोजेक्टचा फोल्डर. एवढं करून मोकळी होते जेमतेम एक-दोन जीबी, आणि चार दिवसांनी पट्टी पुन्हा लाल.

सोलापुरातले कारखाने, सीए ऑफिसं आणि फोटो स्टुडिओ यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातून झालेलं माझं पक्कं मत असं की जागा रिकामी करणं सोपं असतं, शोधणं हे खरं काम. जागा खाणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा दोन-चारच असतात आणि त्या डोळ्यांसमोर नसतात. त्या सापडल्या नाहीत तर माणूस नको तिथे हात घालतो आणि परत न मिळणारी वस्तू घालवून बसतो. म्हणून या लेखातला मोठा भाग शोधण्याबद्दल आहे, डिलीट करण्याबद्दल थोडाच.

सुरुवातीला दोन गोष्टी

पहिली म्हणजे डिस्कची तब्येत. कॉम्प्युटरमधून टकटक आवाज येत असेल, साधा फोल्डर उघडायला मिनिट लागत असेल किंवा फाइल कॉपी होताना मध्येच एरर येत असेल, तर जागा शोधायच्या भानगडीत पडू नका. सगळी डिस्क वाचून काढणारं सॉफ्टवेअर आजारी डिस्कवर आणखी ताण टाकतं. आधी महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची अवस्था एका शब्दात सांगतं. ‘गुड’ असेल तर पुढे जा, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर आधी बॅकअप. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि कारखान्यातल्या केबिनमध्ये धूळ व कापसाचे तंतू पंख्यात अडकतात. तिथल्या कॉम्प्युटरची ही तपासणी तर चुकवूच नका.

दुसरी गोष्ट डिस्कच्या प्रकाराची. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून चुकून उडालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची शक्यता असते. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, ती आशा जवळजवळ सोडावी लागते, कारण ‘ट्रिम’ नावाच्या सोयीमुळे फाइल डिलीट झाल्यावर तिची जागा डिस्क स्वतःच थोड्याच वेळात साफ करून ठेवते. हल्ली सी ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी एसएसडीच असतो. रिसायकल बिन रिकामा करण्याआधी किंवा शिफ्ट दाबून डिलीट करण्याआधी हे ध्यानात असू द्या.

डिस्क खरी केवढी आहे?

“पाचशे जीबीची घेतली आणि चारशे पासष्टच दाखवते, दुकानदाराने फसवलं,” असं अनेकांना वाटतं. फसवणूक नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मोजते १०२४ च्या पटीत, तिच्या हिशेबात एक जीबी म्हणजे साधारण १०७ कोटी ३७ लाख बाइट. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ दिसते, १ टीबीची ९३१, २५६ जीबीची एसएसडी २३८ आणि २४० जीबीची २२३. हा फरक ‘हरवलेली जागा’ नाही, तो शोधत बसू नका.

एका कागदावर तीन आकडे लिहा: सी ड्राइव्हची एकूण जागा, वापरलेली जागा, मोकळी जागा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की तिन्ही मिळतात. पुढे जे सापडेल त्याची बेरीज या ‘वापरलेल्या’ आकड्याशी जुळवायची आहे. रोजमेळ जुळेपर्यंत मुनीम उठत नाही, तसंच इथेही करायचं.

विंडोजची स्वतःची पाहणी

विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजचं बटण आणि आय एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडतील. त्यात ‘सिस्टिम’, मग ‘स्टोरेज’. थोडा वेळ थांबलात की यादी येते: इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, टेम्पररी फाइल्स, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, अदर वगैरे. ‘शो मोअर कॅटेगरीज’ दाबलं की बाकीचेही प्रकार दिसतात. कोणत्याही ओळीवर क्लिक केलं की आतला तपशील.

ही यादी चटकन अंदाज देते, पण तेवढ्यावर थांबू नका. जागा खाणारी गोष्ट नेमकी ‘अदर’ किंवा ‘सिस्टिम अँड रिझर्व्ह्ड’ या ओळींखाली लपलेली असली तर तिथे फारसं काही उमगत नाही.

इथे एक सापळा आहे. ‘टेम्पररी फाइल्स’ उघडल्यावर टिकमार्कच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं. आपल्याकडे बँकेची स्टेटमेंट्स, जीएसटीची रिटर्न्स, पार्टीने मेलवर पाठवलेली ऑर्डर हे सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. ‘सगळं टिक करून टाका’ असं कुणी फोनवर सांगितलं तरी डाउनलोड्सवर टिक करू नका. त्याच पानावर ‘स्टोरेज सेन्स’ चालू असेल तर आत जाऊन पाहा. डाउनलोड्समधल्या फाइली ठरावीक दिवसांनी आपोआप काढण्याची सोय तिथे असते, ती ‘नेव्हर’वर ठेवा.

डिस्कचा नकाशा काढा

आता मुख्य काम. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. घरच्या वापरासाठी विझट्री मला सगळ्यात आवडतं. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची नेहमीची पद्धत) असलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. विझट्री एकेक फोल्डर उघडत न बसता थेट तो तक्ता वाचतं, त्यामुळे लाखो फाइली असल्या तरी निकाल बघता बघता समोर येतो. मात्र ते फुकट आहे ते वैयक्तिक वापरापुरतं. दुकान, कारखाना किंवा ऑफिससाठी परवाना विकत घ्यावा लागतो. तो घ्यायचा नसेल तर विनडिरस्टॅट वापरा. ते मुक्त स्रोत आहे आणि धंद्यातही मोकळेपणाने वापरता येतं. दोन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीतल्या ‘डाउनलोड’ बटणांवर जाऊ नका, त्यातून भलतंच काही कॉम्प्युटरमध्ये शिरतं.

सॉफ्टवेअर सुरू करताना त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. ही पायरी गाळली तर दुसऱ्या युजरचे आणि सिस्टिमचे फोल्डर वाचले जात नाहीत, आणि शेवटी बेरीज जुळत नाही म्हणून डोकं धरायची वेळ येते.

सी ड्राइव्ह निवडून स्कॅन केलं की दोन गोष्टी दिसतात. एका बाजूला फोल्डरांची यादी, सगळ्यात मोठा वर. दुसरीकडे रंगीत चौकोनांची जाळी. जाळीतला प्रत्येक चौकोन म्हणजे एक फाइल, जितकी मोठी फाइल तितका मोठा चौकोन. रंग फाइलच्या प्रकाराप्रमाणे. चौकोनावर क्लिक करा, त्या फाइलचा पूर्ण पत्ता दिसतो.

या जाळीला ट्रीमॅप म्हणतात आणि तिचा जन्मच आपल्या या प्रश्नातून झाला आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत १४ जण मिळून ८० एमबीची एक हार्ड डिस्क वापरत होते. ती सारखी भरायची आणि कुणाच्या फाइली जागा खातात हे कळायचं नाही. ते एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी ही मांडणी शोधली. आज शेअर बाजाराच्या बातम्यांतही असे चौकोन दिसतात, पण मूळ दुखणं भरलेल्या डिस्कचंच.

नकाशा वाचायची माझी पद्धत सांगतो. आधी फोल्डरांच्या यादीत सगळ्यात वरचा फोल्डर उघडायचा, त्यातला सगळ्यात मोठा उघडायचा, आणि असं खाली उतरत राहायचं. ज्या पायरीवर जागा एकाच ठिकाणी न राहता बऱ्याच फोल्डरांत विखुरते, तिथे थांबायचं. तो पत्ता आणि आकार कागदावर लिहायचा. मग परत वर येऊन दुसऱ्या क्रमांकाचा फोल्डर. पाच-सहा पत्ते लिहून झाले की बहुतेक वेळा वापरलेल्या जागेचा मोठा भाग कागदावर आलेला असतो. कागद पूर्ण होईपर्यंत एकही फाइल डिलीट करायची नाही. सॉफ्टवेअरमध्येच डिलीटची सोय असते आणि मोठा चौकोन दिसला की हात शिवशिवतो. आवरा.

सॉफ्टवेअर टाकायची परवानगीच नसेल, म्हणजे बँकेचा किंवा कॉलेजचा कॉम्प्युटर असेल, तर फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह उघडा आणि वर उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत एस-आय-झेड-ई, मग कोलन, मग जी-आय-जी-ए-एन-टी-आय-सी असं लिहा. चार जीबीपेक्षा मोठ्या फाइलींची यादी मिळेल. त्याजागी एच-यू-जी-ई लिहिलं तर एक ते चार जीबीच्या. एकेकट्या मोठ्या फाइली यात सापडतात, मात्र हजारो छोट्या फाइलींनी भरलेला फोल्डर यातून निसटतो.

धंद्याप्रमाणे जागा कुठे जाते

सोलापुरात तरी कॉम्प्युटर कोणत्या कामाचा आहे हे कळलं की जागा कुठे गेली असेल याचा निम्मा अंदाज आधीच येतो.

चादर आणि टॉवेलचे डिझाइनर घ्या. एकेकाळी जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, वर पंचकार्डांच्या माळा लटकायच्या, आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर डिझाइन फाइलमधून जातं. डिझाइनरच्या कॉम्प्युटरमध्ये बीएमपी या चित्रांच्या फाइलींचा डोंगर असतो. बीएमपीत चित्र सहसा दाबून बसवलेलं नसतं, प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा लिहिलेला असतो. ६००० बाय ८००० ठिपक्यांचं एक डिझाइन २४ बिट रंगात ठेवलं तर ठिपके होतात ४ कोटी ८० लाख आणि प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १४ कोटी ४० लाख बाइट, साधारण १३७ एमबी. पार्टीने किनार बदलायला सांगितली की नवी कॉपी, रंग बदलला की आणखी एक. ‘मोर फायनल’, ‘मोर फायनल २’, ‘मोर फायनल पार्टी ओके’. दहा कॉपी झाल्या की एकाच मोराने सव्वा जीबीहून जास्त जागा खाल्ली.

आता बारकावा असा की विणकामाच्या डिझाइनमध्ये रंग आठ-दहाच असतात. तेच चित्र ८ बिट रंगात साठवलं तर प्रत्येक ठिपक्याला एकच बाइट लागतो आणि आकार एकतृतीयांशावर येतो. त्याहून पुढे, एकाच रंगाचे लांबच लांब पट्टे असल्यामुळे अशी फाइल झिप केली किंवा पीएनजीत ठेवली तर फारच लहान होते आणि एकही ठिपका बदलत नाही. मात्र जागा वाचवण्यासाठी जेपीजी अजिबात करू नका. जेपीजी रंगांच्या कडा पुसट करतं, आठ रंगांच्या डिझाइनमध्ये शेकडो नव्या छटा तयार होतात. डिझाइनमध्ये प्रत्येक रंग म्हणजे एक विणीची सूचना असते, ती छटांमध्ये विरघळली की फाइल मागावर चढवण्याच्या लायकीची राहत नाही. जुनी डिझाइन्स वर्षवार फोल्डरमध्ये झिप करून दुसऱ्या डिस्कवर हलवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या जुन्या डिझाइन्सची किंमत आहे. ती उडवायची गोष्ट नाही.

याच कॉम्प्युटरमध्ये फोटोशॉपही असतं. काम चालू असताना फोटोशॉप सी ड्राइव्हवर मोठाली तात्पुरती फाइल बनवतं. वीज गेली किंवा प्रोग्रॅम अडकून बंद पडला की ती फाइल मागे राहू शकते. तिच्या नावात ‘फोटोशॉप टेम्प’ असं असतं. फोटोशॉप पूर्ण बंद करून मगच ती काढा, आणि प्रेफरन्सेसमध्ये ‘स्क्रॅच डिस्क’ म्हणून डी ड्राइव्ह निवडा.

फोटो-व्हिडिओ स्टुडिओचं गणित वेगळं. लग्नसराई आहेच, शिवाय जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम, सगळं फोर-केमध्ये टिपलं जातं. १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने केलेलं चित्रीकरण तासाला ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे आणि सहा तास धरले तर ५४० जीबी. पण स्टुडिओवाल्यांना मूळ चित्रीकरण कुठे आहे ते ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा ‘मीडिया कॅश’. प्रत्येक प्रोजेक्टसाठी बनलेल्या मदतीच्या फाइली सी ड्राइव्हवर युजरच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरात, ‘रोमिंग’, ‘अडोबी’, ‘कॉमन’ असं खाली उतरल्यावर साचत जातात. अ‍ॅपडेटा लपवलेला फोल्डर आहे, म्हणून एरवी दिसत नाही. या फाइली गेल्या तरी प्रोजेक्टचं नुकसान होत नाही, लागतील तेव्हा पुन्हा बनतात. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया कॅश’ या भागात जाऊन तिथल्या डिलीट बटणानेच काढा आणि कॅशची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर वळवा.

स्टुडिओत दुसरी सापडणारी गोष्ट म्हणजे एकाच मेमरी कार्डाच्या दोन कॉपी, एक डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’ नावाने आणि दुसरी नीट नाव देऊन डी ड्राइव्हवर. दोन्ही सारख्या आहेत असं नुसत्या नावावरून ठरवू नका. दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडा, फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार अक्षरशः जुळतोय का पाहा, आणि मधल्या काही फाइली उघडून बघा.

सीए ऑफिस आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये लोक टॅलीवर संशय घेतात. टॅलीचा चालू डेटा सहसा तेवढा मोठा नसतो, रोज घेतलेले बॅकअप साचलेले असतात, आणि तेही त्याच सी ड्राइव्हवर. त्याच डिस्कवरचा बॅकअप डिस्क गेल्यावर कामाचा नाही, म्हणून ते बाहेरच्या डिस्कवर हलवणं दोन्ही अर्थांनी फायद्याचं. टॅलीच्या डेटा फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील. एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनीची वहीखाती आहेत, त्यांना हात लावू नका.

याच ऑफिसांत स्कॅन केलेल्या पानांनीही बरीच जागा जाते. ए-फोर पान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन करून टिफ किंवा बीएमपीत ठेवलं तर एका पानाला सुमारे २५ एमबी लागतात. साध्या पावत्यांना २०० डीपीआय, करड्या रंगात, पीडीएफ पुरतं. आउटलुक वापरत असाल तर ओएसटी फाइलही बघा. ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक कॉपी असते. अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘किती महिन्यांचा मेल ऑफलाइन ठेवायचा’ हे कमी केलं की ती आटोक्यात येते. पीएसटी फाइल मात्र कॉपी नव्हे, बऱ्याचदा तीच एकमेव मूळ प्रत असते. दोन्हींत गल्लत करू नका.

झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात एक वेगळीच जागा तपासा: सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’, ‘सिस्टिम३२’, ‘स्पूल’, ‘प्रिंटर्स’. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’वर कुणी टिक केलेली असेल तर छापलेलं प्रत्येक काम तिथे जमत राहतं. फ्लेक्सच्या मोठ्या फाइली छापणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये हा ढीग फार वाढतो. टिक काढा आणि प्रिंटरच्या रांगेतून कामं रद्द करा.

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडेच. ऑर्डरचे फोटो, नमुन्यांचे व्हिडिओ, सकाळच्या शुभेच्छा, डेस्कटॉपवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सगळं उतरतं. विंडोजच्या नकाशात ते युजरच्या ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकल’, ‘पॅकेजेस’मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाच्या फोल्डरात सापडतं. तिथे हाताने डिलीट करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमधून आपोआप होणारं डाउनलोड बंद करा आणि नको असलेली चॅट-मीडिया तिथूनच काढा.

विंडोजने स्वतः घेतलेली जागा

नकाशात सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर काही मोठ्या फाइली दिसतील. ‘पेजफाइल’ ही रॅम कमी पडल्यावर वापरायची जागा आहे, तिला राहू द्या. ‘हायबरफिल’ ही हायबरनेशनची (उघडं काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करण्याची) फाइल, साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीहून अधिक. डेस्कटॉप कॉम्प्युटरवर हायबरनेट वापरत नसाल तर ती बंद करता येते. स्टार्टमध्ये सी-एम-डी लिहा, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, स्पेस, स्लॅश, एच, स्पेस, ओ-एफ-एफ लिहून एंटर दाबा. याने ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होतं, म्हणजे कॉम्प्युटर सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल. लॅपटॉपवर मी ही फाइल तशीच ठेवतो, बॅटरी संपत आली की उघडं काम तीच वाचवते.

‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर म्हणजे जुनी विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, त्याच्या आगेमागे अनेकांनी ११ घेतली. अपग्रेडनंतर हा फोल्डर उरतो आणि दहा दिवसांनी सहसा आपोआप जातो. गेला नसेल तर ‘टेम्पररी फाइल्स’मधून ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ निवडून काढा. काढल्यावर जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही. आतल्या ‘युजर्स’ फोल्डरात तुमची एखादी फाइल राहून गेली नाही ना, हे आधी बघून घ्या.

‘विनएसएक्सएस’ फोल्डर पाहून बरेच जण दचकतात. त्यातल्या पुष्कळ फाइली आणि विंडोजच्या इतर फोल्डरांतल्या फाइली डिस्कवर एकच असतात, फक्त दोन पत्त्यांवर नोंदलेल्या. त्यामुळे फाइल एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो आणि खऱ्यापेक्षा मोठा आकडा दाखवतो. या फोल्डरातलं आणि ‘विंडोज’मधल्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरातलं काहीही हाताने काढू नका. पहिल्याने विंडोज मोडते, दुसऱ्याने सॉफ्टवेअर अपडेट करता येत नाही की काढताही येत नाही. सुरक्षित रस्ता म्हणजे ‘डिस्क क्लीनअप’. स्टार्टमध्ये नाव लिहून उघडा, सी ड्राइव्ह निवडा आणि ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा. मग ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ची ओळ दिसते, ती निर्धास्त टिक करा.

बेरीज जुळत नसेल तर

समजा प्रॉपर्टीज सांगते २०० जीबी वापरलेले, आणि नकाशातली बेरीज येते १७०. मधले ३० कुठे गेले? आधी सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं होतं ना, ते पाहा. चालवलं असेल तर पहिला संशयित ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हा फोल्डर, जिथे रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोज आधीच्या स्थितीला नेण्याच्या नोंदी, साठवलेले असतात. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. किती जागा वापरात आहे ते तिथे लिहिलेलं असतं आणि खालच्या पट्टीने मर्यादा घालता येते. सगळं बंद करू नका, थोडी जागा राहू द्या. एखादा ड्रायव्हर बिघडला की हाच आधार असतो.

उलटंही होतं: नकाशातली बेरीज डिस्कपेक्षा जास्त. मग वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन ठेवायची सोय, बघा. त्यात ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली नावापुरत्याच इथे असतात. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ मोठा आणि ‘साइज ऑन डिस्क’ शून्याजवळ दिसतो. आणि वनड्राइव्हच्या फोल्डरातून जागा करण्यासाठी डिलीट करू नका, फाइल सगळीकडून जाते. राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. फाइल ऑनलाइन राहते आणि इथली जागा सुटते.

रिसायकल बिनही प्रत्येक युजरचा आणि प्रत्येक ड्राइव्हचा वेगळा असतो. दिवसपाळी आणि रात्रपाळीचे लोक वेगळ्या लॉगिनने बसत असतील तर एकाने बिन रिकामा केला तरी दुसऱ्याचा भरलेलाच राहतो.

आता काढायला सुरुवात

कागद घेऊन त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाकडे जा. “अण्णा, हा ‘जुनं’ नावाचा फोल्डर कशाचा?” “राहू द्या ते, एक्स्पोर्टच्या पार्टीचे नमुने आहेत, परत मागतात.” अशा दोन वाक्यांत मोठं नुकसान टळतं. प्रत्येक पत्त्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: काढा, हलवा, राहू द्या.

काढण्याचा क्रम असा: आधी पुन्हा बनू शकणाऱ्या गोष्टी, म्हणजे टेम्पररी फाइल्स, कॅश, अपडेटचा कचरा. मग न लागणारी सॉफ्टवेअर, तीही ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधून अनइन्स्टॉल करून, फोल्डर उडवून नव्हे. मग हलवायच्या गोष्टी. हलवताना कट-पेस्ट टाळा. कॉपी करा, दोन्हीकडचे आकडे जुळवा, दुसरीकडून पाच-सहा फाइली उघडून पाहा, आणि नंतरच मूळ काढा. कॉपी चालू असताना वीज जाण्याची भीती असेल तर आधी यूपीएसची बॅटरी तपासा.

डाउनलोड्स किंवा डॉक्युमेंट्स कायमचे डी ड्राइव्हवर न्यायचे असतील तर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ पान आहे. तिथे ‘मूव्ह’ दाबण्याआधी डी ड्राइव्हवर ‘डाउनलोड्स’ नावाचा नवा फोल्डर करून तोच निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर विंडोज अख्ख्या डी ड्राइव्हलाच डाउनलोड्स समजायला लागते आणि ते निस्तरायला त्रास होतो. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये सिंक होत असेल तर आधी ते बंद करावं लागेल.

एसएसडी काठोकाठ भरलेली ठेवू नका, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असली की ती बरी चालते.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘स्टोरेज’ हा रस्ता. ‘सिस्टिम डेटा’ फुगलेला दिसला तर त्यात टाइम मशीनचे (मॅकच्या बॅकअपच्या सोयीचे) स्थानिक स्नॅपशॉट असू शकतात, जागा कमी पडली की मॅक ते स्वतःच काढतो. लिनक्सवर एनसीडीयू नावाचं छोटं साधन टर्मिनलमध्येच फोल्डर आकारानुसार लावून दाखवतं. तिथे एक खास अडचण येते: फाइल डिलीट केली तरी कुठला तरी प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल तर जागा सुटत नाही. तो प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला की सुटते.

पुन्हा भरत असेल तर

साफ करूनही आठवड्याभरात दहा-वीस जीबी गायब होत असतील तर काहीतरी सतत लिहिलं जात आहे. विझट्रीत स्कॅनचा निकाल सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याची, फाइल म्हणून बाहेर काढता येतो. आज एक काढा, आठवड्याने दुसरी, दोन्ही एक्सेलमध्ये शेजारी ठेवा आणि कोणता फोल्डर वाढला ते पाहा. बहुतेक वेळा एखाद्या सॉफ्टवेअरचा लॉग (कामाच्या नोंदींची फाइल) सापडतो, नाहीतर ‘विंडोज’, ‘लॉग्ज’, ‘सीबीएस’ या फोल्डरात साचलेल्या कॅब फाइली, किंवा कुणीतरी लावून विसरलेला रोजचा बॅकअप. बॅकअप असेल तर तो लावणारा माणूस शोधा आणि बाहेरच्या डिस्कवर वळवायला सांगा. लॉग असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला फोल्डरचा पत्ता आणि दोन्ही आठवड्यांचे आकडे पाठवा.